फेरविचारार्थ परत

नाथाजी भोईटे एकतीस ऑक्टोबरला सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि एक नोव्हेंबरला सकाळी साडेसात वाजता राष्ट्रपती झाले. मधली रात्र तेवढी त्यांनी सामान्य नागरिक म्हणून काढली.

त्याचं असं झालं, की निरोप समारंभात त्यांचे साहेब भाषणाच्या भरात म्हणाले, "आजपासून नाथाजीराव घरचे राष्ट्रपती!" टाळ्या पडल्या. असली वाक्यं निरोपाच्या हारासारखी असतात, घरी नेईपर्यंत टिकली तरी पुष्कळ. (साहेबांनी हेच वाक्य मागच्या वर्षी शिपाई निवृत्त झाला तेव्हाही वापरलं होतं, पण त्या वेळी नाथाजी भज्यांच्या परातीपाशी होते.) नाथाजींनी मात्र ते वाक्य जपून घरी आणलं. छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या सहीसाठी कागद तयार केलेल्या माणसाला स्वतःच्या सहीचं काय अप्रूप असतं, ते बाहेरच्याला नाही कळायचं.

साताऱ्यात गोडोलीला त्यांचं दोन मजली घर. घरात बायको पद्मा आणि मुलगी प्रांजल. प्रांजल स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नात होती, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि भारताची राज्यघटना जास्त असायची.

"प्रांजल," चहाचा घोट घेत नाथाजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "राष्ट्रपती व्हायला काय काय लागतं गं?"

"पस्तीस वर्षं पूर्ण पाहिजेत."

"अठ्ठावन्न आहेत. पुढं?"

"भारताचा नागरिक पाहिजे. लोकसभेवर निवडून यायची पात्रता पाहिजे. आणि लाभाचं पद असता कामा नये."

"मग बसतात की हे," स्वयंपाकघरातून पद्मा म्हणाली. "नवरेपणात काडीचा लाभ नाही, असं रोज स्वतःच म्हणतात."

नाथाजींनी तिकडं दुर्लक्ष केलं. "आणि अधिकार?"

प्रांजलचा तोच धडा चालू होता. तिनं पुस्तकाकडं न बघता सुरुवात केली. देशाचा सगळा कारभार राष्ट्रपतींच्या नावानं चालतो. पंतप्रधान नेमतात ते. तिन्ही दलांचे सरसेनापती ते. फाशी माफ करायची तर ते. संसदेनं कितीही डोकं आपटलं तरी त्यांची सही झाल्याशिवाय कायदा होत नाही. एकेका वाक्यासरशी नाथाजी खुर्चीत इंच इंच वर येत होते.

"फक्त," प्रांजल म्हणाली, "हे सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं."

'फक्त'च्या पुढचं नाथाजींना ऐकू आलं नाही. पद्माला नेमकं तेवढंच ऐकू आलं. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"म्हणजे ठरवायचं मंत्रिमंडळानं आणि नाव राष्ट्रपतींचं?"

"हो."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"एकदा परत पाठवता येतं, फेरविचारासाठी. दुसऱ्यांदा तेच पाठवलं की मान्य करावंच लागतं."

पद्माच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती. ही घटना आपल्याला आधी कुणी का सांगितली नाही, असा भाव तिच्या चेहऱ्यावर उमटून गेला. "होऊ दे की मग," ती म्हणाली. "माझं मत यांनाच."

निवडणूक बिनविरोध झाली. शपथ सरन्यायाधीशांनी द्यायची असते, म्हणून देव्हाऱ्यासमोर पद्मा सरन्यायाधीश झाली आणि संविधानाचं जतन, संरक्षण नि रक्षण करीन या शपथेला तिनं 'आणि ओला टॉवेल पलंगावर टाकणार नाही' एवढी दुरुस्ती जोडली. पुढच्याच मिनिटाला राष्ट्रपतींनी तिला पंतप्रधान नेमलं.

राष्ट्रपतींची पहिली कसोटी बारा वाजता लागली. त्यांनी मटणाची इच्छा व्यक्त केली. मंत्रिमंडळानं भेंडीचा सल्ला दिला. राष्ट्रपतींनी तो फेरविचारासाठी परत पाठवला. मंत्रिमंडळ ओट्यापाशी भरलं, दोन मिनिटांत उठलं आणि भेंडीचा सल्ला पुन्हा पाठवला. नाथाजींनी घटनेचा मान राखून तीन पोळ्या खाल्ल्या.

सैन्याचंही वाटप झालं. गच्चीवरची कबुतरं हाकलणं हे हवाई दल, पाण्याची टाकी भरून वाहू न देणं हे नौदल आणि अंगणात शिरणारी कुत्री हुसकावणं हे पायदळ. तिन्ही दलांत मिळून एकच माणूस होता आणि तोच सरसेनापती होता.

पण खरी मजा झाली ती 'नावानं' या शब्दाची. शेजारच्या काकूंनी शिडी मागितली, की पद्मा गोड आवाजात म्हणायची, "मी दिली असती हो, पण ह्यांनी नाही म्हटलंय." नणंदेच्या जावेला मुंबईहून येऊन पंधरा दिवस राहायचं होतं, ह्यांनी नाही म्हटलं. भिशीच्या बायकांना आपल्याकडं दर महिन्याला जमायचं होतं. ह्यांनी नाही म्हटलं. ह्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ह्यांना एवढंच जाणवलं, की पोवई नाक्यावर पूर्वी लोक हात करायचे, ते आता मोबाइलमध्ये बघतात. शेजारच्या काकांनी तर एक दिवस गाडी थांबवून विचारलं, "भोईटे, शिडी सोन्याची आहे का हो तुमची?" नाथाजींना वाटलं, पदाचा दरारा बसतोय. महिन्याभरात नातेवाइकांत बोलवा झाली, की नाथाजी रिटायर झाला आणि लय कडक झाला.

अशा वेळी बनूआक्काचा फोन आला.

बनूआक्का म्हणजे नाथाजींची एकुलती एक बहीण, सहा वर्षांनी मोठी, दिलेली सांगलीकडं, तासगावजवळच्या एका वाडीवर. नवरा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त. आता द्राक्षबाग बघतो. आक्काची धाकटी लेक संयोगिता, तिचं लग्न जतच्या विश्वजितशी ठरलं होतं. मुलगाही फौजेतच होता. रजा मंजूर, मुहूर्त ठरलेला, हॉल घेतलेला. नाथाजी नवरीचा सख्खा मामा, एकुलता एक.

"नाथा," आक्का म्हणाली, "लगनाची पत्रिका धाडलीया बग ह्येंनी तुज्या मोबाइलवर. नीट डोळ्याखालनं घाल. तुजी सई झाल्याबिगर छापायची न्हाई, म्हणून सांगितलंय मी."

तुझी सही झाल्याशिवाय! हे ऐकून नाथाजींना काय झालं असेल, ते सांगायला नको. ते तडक झेरॉक्सच्या दुकानात गेले, कारण छत्तीस वर्षांत त्यांनी पडद्यावर एकही कागद तपासला नव्हता आणि आता सवय मोडायचं वय नव्हतं.

"काका, दोन पानं आहेत. दोन्ही काढू?" दुकानदारानं विचारलं.

"पहिलंच काढ," नाथाजी म्हणाले. "दुसऱ्यावर हॉलचा पत्ता नि जेवणाची वेळ असणार." (कचेरीतही ते पहिलं पान वाचूनच टिपण लिहायचे. दुसऱ्या पानावर काही महत्त्वाचं असतं, ही अफवा आहे असं त्यांचं मत होतं.)

घरी येऊन त्यांनी लाल पेन काढलं. मजकूर झकास होता. खाली निमंत्रकांची यादी होती. पहिलं नाव कुणा माजी सरपंचांचं. दुसरं विकास सोसायटीच्या चेअरमनचं. तिसरं, चौथं, पाचवं बागायतदारांचं. सहाव्यापुढं 'प्रगतिशील' असं लिहिलेलं होतं. आणि सातवं, अगदी कोपऱ्यात, 'श्री. नाथाजी भोईटे'.

देशाचा पहिला नागरिक सातवा! तोही सख्ख्या बहिणीकडं!

नाथाजींना मनापासून वाईट वाटलं. पण राष्ट्रपती काही भांडायला जात नाही.

"प्रांजल, सहीच नाही केली तर काय होतं गं?"

"काही नाही. किती दिवसांत करायची ते घटनेत लिहिलेलंच नाही. खिशात ठेवून दिलं तरी चालतं."

नाथाजींनी कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. चार दिवस ती खिशातच राहिली. आक्का रोज फोन करी, नाथाजी घेत नसत आणि पद्मा सांगे, "आक्का, कागद ह्यांच्या खिशात आहे. विचाराधीन आहे म्हणतात." आक्का म्हणायची, "त्यात काय विचार करायचा आसतुया गं?" पद्मालाही ते माहीत नव्हतं. तिला वाटलं, शुद्धलेखन बघत असतील.

पाचव्या दिवशी त्यांनी कागद काढला, मजकुरावर तिरकं, लाल अक्षरांत, हेडक्लार्कच्या वळणदार हातानं लिहिलं, 'फेरविचारार्थ परत.' खाली सही, तारीख. फोटो काढून सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि कागद परत खिशात ठेवला. ग्रुपमध्ये त्रेचाळीस माणसं होती. साखरपुड्यापासून त्यात नवरदेवाचे वडील शंभूराजही होते.

'चि. सौ. कां. संयोगिता आणि चि. विश्वजित यांचा शुभविवाह' आणि त्यावर लाल शाईत 'फेरविचारार्थ परत'. एवढं करून राष्ट्रपती हवाई दलाकडं, म्हणजे गच्चीवर कबुतरं हाकलायला गेले.

तिथं दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे सुभेदार, आक्काचे यजमान.

"नाथा, आरं ह्ये काय ल्ह्यलंयस?"

"वाचलंत ते बरोबर आहे दाजी. पत्रिकेत दोष आहे."

"पत्रिकेत? कसला दोष?"

"तो मी माझ्या तोंडानं सांगणं शोभत नाही. सातव्या स्थानी बघा, तुमचं तुम्हालाच कळेल. जे तिथं नको, ते तिथं बसलंय."

"सातव्या स्थानी?" दाजींचा आवाज खाली गेला.

"आणि वर सहा जण बसवलेत त्याच्या उरावर."

"आगागा. मंग ह्येला उपाय?"

"मनात आणलं तर तासाभराचं काम आहे. पण आधी व्हायला पाहिजे. एकदा लग्न लागल्यावर काय उपयोग?" एवढं बोलून नाथाजींनी फोन ठेवला, कारण कबुतरं परत आली होती.

आता दाजींची बाजू बघा. हा माणूस तीस वर्षं सरहद्दीवर होता, आयुष्यात कधी ग्रहताऱ्यांना जुमानलं नाही. पण पोरीचं लग्न महिन्यावर आलं की भले भले मऊ होतात. पत्रिका, दोष आणि सातवं स्थान! सातवं स्थान म्हणजे विवाहाचं स्थान, एवढं तर वाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाथा शिकलेला माणूस, त्यानं कुठल्या तरी मोठ्या ज्योतिषाकडं पोराची कुंडली दाखवली असणार, चार दिवस विचार केला असणार, आणि निघालं असणार काहीतरी. तेवढ्यात जतवरून शंभूराजांचा फोन आला, की ग्रुपवर काय आलंय ते. दाजी सरळ माणूस. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "पोराच्या पत्रिकेत सातव्या स्थानी दोष हाय म्हणतोय मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता संयोगिताचा प्रांजलला फोन आला. रडतच होती. "मामाला पत्रिका पसंत नाही म्हणे. जतची माणसं इकडं यायला निघालीत. आई रात्रीपासून जेवली नाही. मामाला घेऊन या गं लवकर!"

प्रांजलनं ग्रुप उघडला. मग आईला दाखवला. पद्मा काही बोलली नाही, गाडीची किल्ली घेऊन उभी राहिली. तीस वर्षांत ती काही न बोलण्याची ही दुसरीच वेळ होती, आणि पहिली वेळ नाथाजी अजून विसरले नव्हते.

कराड सोडल्यावर पद्मानं गाडी चालवत विचारलं, "प्रांजल, राष्ट्रपतीला काढायची काय पद्धत असते?"

"महाभियोग. पण चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते."

"मला चौदा मिनिटं पण नकोत."

"मी राजीनामा देतो," नाथाजी मागच्या सीटवरून बारीक आवाजात म्हणाले. त्यांना खरंच भीती वाटायला लागली होती. आपण सातवे आहोत याचं वाईट वाटलं होतं, हे खरं. पण म्हणून संयूचं लग्न मोडावं? त्या पोरीचं जावळ त्यांच्या मांडीवर झालं होतं.

"राजीनामा उपराष्ट्रपतींकडं द्यायचा असतो बाबा. ते पद आपल्याकडं रिकामं आहे."

म्हणजे जाताही येत नव्हतं. विट्याला पद्मानं गाडी थांबवली, दोन चहा सांगितले आणि दोघींनी प्यायले.

वाडीवर पोचले तेव्हा आक्काच्या अंगणात सतरंजी टाकलेली होती. एका बाजूला जतचे शंभूराज आणि त्यांचे दोघं भाऊ, पांढऱ्याशुभ्र टोप्या, कपाळाला आठ्या. दुसऱ्या बाजूला दाजी, पाठ ताठ, चेहरा पडलेला. मधे ताटलीत घरचे बेदाणे ठेवले होते, त्यांना कुणी हात लावला नव्हता. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि त्यामागं आक्का होती, हे बांगड्यांवरून कळत होतं. शंभूराजांच्या मांडीवर मुलाची कुंडली उघडलेली होती. नाथाजींना वाटलं, तो जेवणाचा मेनू असेल.

"या मामा," शंभूराज म्हणाले. "बसा. तीन तास झालं आमी ह्ये बघतोय. आमच्या गावच्या जोशीबुवांनीबी बघितलं. कुनालाच काय सापडंना. आता तुमीच सांगा, सातव्या घरात काय हाय?"

नाथाजींनी मान खाली घातली. सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटत होती. पण आता वेळ आली होती.

"सातव्याला," ते म्हणाले, "मी आहे."

"तुमी?" शंभूराजांनी कुंडली डोळ्यांजवळ नेली.

"हो. आणि मी पहिल्या घरात पाहिजे होतो. तेवढंच माझं म्हणणं."

"आमच्या पोराच्या कुंडलीत पोरीचा मामा कुठनं आला?" शंभूराजांचा भाऊ ओरडला.

"आनि वरचं सा जन कोन?" दाजींनी घाबरून विचारलं.

"माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, तीन बागायतदार आणि एक प्रगतिशील," नाथाजींनी पाठ म्हणून दाखवलं.

प्रांजलनं तोंडावर हात धरला. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. "दाजीकाका," ती म्हणाली, "बाबा कुंडलीचं नाही बोलत. लग्नपत्रिकेचं बोलतायत. निमंत्रणाच्या! त्यांचं नाव यादीत सातवं आलंय."

मग शंभूराजांनी कुंडलीची सावकाश सुरळी केली.

"म्हंजी पोरात काय खोट न्हाई?"

"पोरगा सोन्यासारखा आहे," नाथाजी कळवळून म्हणाले.

"मंग फेरविचार कसला?"

आता सगळंच सांगणं भाग होतं. नाथाजींनी निरोप समारंभापासून सुरुवात केली. 'राष्ट्रपती' हा शब्द येताच दाजी सवयीनं उठून सावधान उभे राहिले आणि पद्मानं त्यांना बसवलं. नाथाजींनी समजावून सांगितलं, की विधेयक सहीला आलं की राष्ट्रपती ते एकदा परत पाठवू शकतात, त्याचा अर्थ नकार असा नसतो, ती एक घटनात्मक...

"आमचा पोरगा बिल हाय व्हय?" शंभूराजांनी विचारलं.

त्यावर कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. बहुतेक स्वतः शंभूराजच. त्यांचं बघून भाऊ हसले, दाजींनी तर डोळे पुसले आणि बेदाण्यांची ताटली एकदाची फिरली. हसले नाहीत ते एकटे नाथाजी, कारण स्वयंपाकघराचं दार उघडलं होतं.

आक्का अंगणात आली. हातात मोबाइल होता. ती नाथाजींच्या समोर बसली.

"नाथा, दुसरं पान बगितलंस का?"

"दुसरं?"

"दोन पानं धाडली हुती. आरं, त्यो सातवा नाथाजी तू न्हवंस! त्यो आपल्या भावकीतला टॅक्टरवाला नाथा. लगनाला टॅक्टर देतुया म्हणून घातलंय त्येचं नाव." (कोरेगावकडच्या त्यांच्या गावचा देव भैरवनाथ, त्यामुळे गावात दर चौथ्या घरात एक नाथा असतो. हे नाथाजींना जन्मापासून माहीत होतं. राष्ट्रपती झाल्यावर ते विसरले.) "आनि तुजं नाव ह्ये बग."

तिनं मोबाइल पुढं केला. दुसऱ्या पानावर वरच्या बाजूला, नक्षीच्या चौकटीत, दुसऱ्या कुणाचंही नाव नाही अशा जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कन्येचे मामा श्री. नाथाजी भोईटे, सातारा'. शेजारी त्यांचा फोटोही होता, केस असतानाचा.

"छापखान्यातला म्हणाला, आधी कुनाचं नाव घालू. म्या म्हणलं, आधी माज्या भावाचं घाल, बाकीचं मागनं बगू. कडंवर घिऊन हिंडवलाय तुला म्या. तुला सातवा लावीन व्हय रं मी?"

नाथाजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी आक्काचे पाय धरले. "आक्का, चुकलं. माफ कर."

"माफी द्यायचा अधिकार कुनाचा आसतुया गं प्रांजल?" आक्कानं विचारलं. अजून ती हसली नव्हती.

"राष्ट्रपतींचा, आत्या."

"मंग ह्येनंच ह्येला दिऊन टाकावी. मला येळ न्हाई, सैपाक पडलाय." आणि आता मात्र ती हसली. "आनि दुसऱ्यांदा धाडल्यावर काय करावं लागतंय?"

"सही," प्रांजल आणि पद्मा एकदम म्हणाल्या.

आक्कानं नाथाजींच्या खिशातून पत्रिकेचा कागद उपसून काढला आणि पाटावर ठेवला. नाथाजींनी लाल पेन काढलं, ते पद्मानं काढून घेतलं. शंभूराजांनी आपलं निळं दिलं. तिथंच, अंगणात, जत आणि सातारा दोन्ही बाजूंच्या साक्षीनं राष्ट्रपतींनी संमती दिली. मग जेवणं झाली. आमरस सोडून सगळं होतं. तो हंगाम नव्हता म्हणून, नाहीतर तोही झाला असता.

लग्न मार्गशीर्षात, ठरल्या मुहूर्तावर, थाटात लागलं. तोवर ही हकिकत जत तालुक्यात घरोघरी पोचली होती. वऱ्हाडातल्या बायका एकमेकींना नाथाजी दाखवत होत्या. "त्यो बग, फेटा बांधलेला. त्योच त्यो फेरविचार." पंगतीत कुणीतरी जिलबी वाढायला आलं तर म्हणालं, "घ्या मामा, परत नका पाठवू." नाथाजींनी कशाचंच वाईट वाटून घेतलं नाही. त्यांचं लक्ष माइककडं होतं.

आणि तो क्षण आला. माइकवरून पुकारा झाला, "नवरीच्या मामांनी नवरीला मंडपात घेऊन यावं!" नाथाजींच्या अंगावर काटा आला. हिरव्या चुड्यातला संयूचा हात त्यांनी हातात घेतला. नवा फेटा, ताठ मान, भरलेले डोळे. दोन्ही बाजूंना हजारभर माणूस उभं. खरा राष्ट्रपती बग्गीतून निघतो तेव्हा त्यालाही याहून जास्त काही वाटत नसेल. त्यांनी संयूला अंतरपाटापाशी आणून उभी केली आणि तिच्या मागं हात धरून उभे राहिले.

"ओ काका," फोटोग्राफर खेकसला, "जरा बाजूला व्हा. फ्रेममधी येताय."

"अरे, मी मामा आहे नवरीचा!"

"मामांचा फोटो झाला की मगाशी. पत्रिका बघून नाव विचारून घेतलाय. नाथाजी भोईटे." फोटोग्राफरनं बोट दाखवलं. पलीकडं, वाजंत्र्यांपाशी, काळा गॉगल लावून ट्रॅक्टरवाला नाथा उभा होता आणि त्यानं नाथाजींना लांबूनच हात केला.

नाथाजी बोलायला तोंड उघडणार होते. पण भटजींनी मंगलाष्टकाचा सूर लावला होता, मंत्रिमंडळ पहिल्या रांगेतून डोळे वटारून बघत होतं, आणि परत पाठवायचा अधिकार एकदाच असतो. तो त्यांनी वापरून टाकला होता. ते बाजूला झाले.